कोण आहे, कुठे जायचंय

नेटवर्कच्या दारात बसवलेल्या यंत्राला दिवसभर दोनच प्रश्न सोडवायचे असतात. आलेला माणूस कोण आहे? आणि त्याला जायचंय ते ठिकाण कुठे आहे? पहिला प्रश्न युजर ऑथेंटिकेशनचा, दुसरा डीएनएसचा. पुस्तकांत ही दोन प्रकरणं वेगळी असतात आणि शिकवणारेही ती वेगळीच शिकवतात. प्रत्यक्ष बसवायला गेलं की ती एकमेकांत गुंतलेली निघतात आणि दोन्हींच्या तळाशी तिसरीच गोष्ट सापडते: संस्थेने आपल्या माणसांच्या आणि वस्तूंच्या नोंदी किती खरेपणाने ठेवल्या आहेत. यंत्र त्या नोंदींपेक्षा शहाणं होऊ शकत नाही. कोल्हापूर भागातल्या महाविद्यालयांची नेटवर्कं सांभाळताना हे मला हळूहळू उमगत गेलं. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या कामात ते पुरतं पटलं. त्या कामाविषयी हे लिहिते आहे.

महाविद्यालय जुनं, कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांचं. दोन संगणक प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय, परीक्षा विभाग आणि अलीकडे बांधलेलं मुलींचं वसतिगृह. फायबरची एक जोडणी, आणि ती बंद पडली तर वापरायला दुसरी, कमी वेगाची. वायफायचा पासवर्ड सगळ्यांना मिळून एक. तो शिक्षकांना ठाऊक, विद्यार्थ्यांना ठाऊक आणि फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक. कार्यालयातल्या संगणकांचं लॉगिनही एकच, त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. ग्रंथालयाची सूची 'कोहा' या मुक्त प्रणालीवर होती, पण ती उघडायला १९२.१६८ने सुरू होणारा क्रमांक टाइप करावा लागे. तो क्रमांक ग्रंथपाल मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवला होता.

मला बोलावलं ते 'नेट हळू चालतं' म्हणून. चार दिवस वावरल्यावर दुसरं दुखणं कळलं. काही महिन्यांपूर्वी शिष्यवृत्तीच्या याद्यांमध्ये कुणीतरी बदल केले होते. बदल वेळेत लक्षात आले, याद्या दुरुस्त झाल्या, कुठल्या विद्यार्थ्याचं नुकसान झालं नाही. पण बदल केले कुणी, हे शोधायला काही साधनच नव्हतं. त्या संगणकावर सगळेच एका लॉगिनने बसत. अशा वेळी संशय ज्याच्या पाठीशी कुणी नसतं त्याच्यावर जातो. इथे तो कंत्राटी पद्धतीवर डेटा एंट्री करणाऱ्या मुलीवर गेला. तिच्याविरुद्ध काही सिद्ध झालं नाही. तिला आपलं निर्दोषत्वही सिद्ध करता आलं नाही. ती कामावर राहिली, पण बोलेनाशी झाली. स्वतंत्र लॉगिन म्हणजे कर्मचाऱ्यांवर पहारा, असं अनेक संस्थांत मानलं जातं. ही गोष्ट ऐकल्यापासून मी त्याकडे उलट बाजूने पाहते. प्रत्येकाला स्वतःच्या नावाने आत येता आलं, तर दुसऱ्याने केलेल्या कामाचा ठपका त्याच्यावर येत नाही. ज्याच्याकडे पद नाही, वशिला नाही, त्याला या नोंदीचा आधार सगळ्यांत जास्त.

दारातलं यंत्र म्हणून पंखा नसलेली एक छोटी पेटी घेतली. चार नेटवर्क पोर्ट, आठ जीबी मेमरी, छोटी एसएसडी. तिच्यावर 'ओपीएनसेन्स' टाकलं. फ्रीबीएसडीवर उभी असलेली ही मुक्त फायरवॉल प्रणाली. मॅन्युएल कॅस्पर यांच्या 'मोनोवॉल'मधून २००४ मध्ये 'पीएफसेन्स' निघालं, त्यातून जानेवारी २०१५ मध्ये 'ओपीएनसेन्स'. त्याच वर्षी मोनोवॉलचं काम थांबवताना कॅस्पर यांनी आपल्या वापरकर्त्यांना ओपीएनसेन्सकडे वळायला सुचवलं होतं. दरवर्षी भरायचं परवाना शुल्क नसल्याने कामासाठी मिळालेल्या रकमेतून चांगले स्विच आणि युपीएस घेता आले.

कामाचा माझा क्रम ठरलेला असतो: आधी डीएनएस, मग घड्याळ, मग ऑथेंटिकेशन. पुष्कळ जण लॉगिनपासून सुरुवात करतात, कारण लॉगिनचं पान दिसतं आणि संस्थेला दाखवता येतं. डीएनएस कुणाला दिसत नाही. पण लॉगिनची सगळी यंत्रणा नावांवर उभी असते. नावं डळमळीत असली की लॉगिनमध्ये दर आठवड्याला नवा बिघाड निघतो, आणि त्याचं कारण जो तो भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

संगणक एकमेकांना क्रमांकांनी ओळखतात, माणसं नावांनी. या दोहोंची सांगड घालणारी यादी हेच डीएनएसचं सार. अर्पानेटच्या काळात ती यादी खरोखरच एक फाइल होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे. नवा संगणक आला की त्यांना कळवायचं, आणि बाकीच्यांनी ताजी फाइल उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी ही पद्धत पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली: एकच मोठी यादी ठेवायची नाही, ज्याने त्याने आपल्या हद्दीतली नावं सांभाळायची आणि विचारणाऱ्याला पुढचा पत्ता सांगायचा. चाळीस वर्षं उलटली तरी इंटरनेट याच पायावर उभं आहे.

परगावी कुणाचं घर शोधायचं असलं की आपण आधी तालुका विचारतो, मग गाव, मग गल्ली, आणि गल्लीत शिरल्यावर घर. यंत्रातला 'अनबाउंड' हा डीएनएस सर्व्हर असाच विचारत जातो. सगळ्यांत वरच्या रूट सर्व्हरना विचारतो, 'इन' कुणाकडे? तिथून कळलं की पुढे विचारतो, 'एसी डॉट इन' कुणाकडे? असं करत नेमक्या क्रमांकाशी पोचतो आणि मिळालेलं उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत जवळ ठेवतो. रूट सर्व्हरची नावं जगात तेराच आहेत, पण त्यांच्या प्रती हजाराहून अधिक ठिकाणी बसवलेल्या असल्यामुळे उत्तर जवळून मिळतं.

'नेट हळू चालतं' या तक्रारीचं मूळ इथेच निघालं. फायबरचा वेग मोजला तर ठीक होता. पण सगळे संगणक नावांची चौकशी जोडणी देणाऱ्याच्या डीएनएसकडे करत, आणि तो दुपारी बारा ते दोनच्या गर्दीत फार उशिरा उत्तर देई. एक बातमीचं पान उघडायला वीस-पंचवीस नावांचे क्रमांक लागतात. जाहिरातींचं वेगळं, चित्रांचं वेगळं, अक्षरांच्या फॉन्टचं वेगळं. प्रत्येक नावामागे सेकंदभर गेला की पान रखडतं, आणि माणूस म्हणतो लाइन खराब आहे. अनबाउंडने स्वतः विचारायला आणि उत्तरं जवळ ठेवायला सुरुवात केली, तेव्हा दुपारची तक्रार बंद झाली. पैसे खर्च करून लाइनचा वेग वाढवायचा प्रस्ताव तयार होता. तो बाजूला ठेवता आला.

आतल्या नावांचं काम मात्र टेबलाशी बसून होणारं नव्हतं. कुठलं उपकरण कुठे आहे, त्याचा क्रमांक काय, ते कुणाच्या ताब्यात आहे, याची एकही यादी नव्हती. एका ज्येष्ठ शिपाई मामांना सगळ्या केबली ठाऊक होत्या. कुठली भिंत फोडून कुठली वायर नेली, जुन्या स्टाफरूममधला स्विच कपाटामागे का गेला, हे ते चालता चालता सांगत. "ताई, ही वायर कुठेच जात नाही, पण काढू नका, हिच्या आधारावर दुसरी बांधलीय." मी लिहून घेत गेले आणि मामांच्या डोक्यातलं नेटवर्क पहिल्यांदा कागदावर आलं. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं यंत्र, ग्रंथालयाचा सर्व्हर, हिशेबाचा सर्व्हर. प्रत्येकाला ठरावीक क्रमांक दिला, त्याला नाव जोडलं, आणि नावाशेजारी ते उपकरण कुणाच्या जबाबदारीत आहे तेही लिहिलं. डीएनएसमधल्या नोंदी भरायला नंतर फारसा वेळ लागला नाही.

या नावांना आडनाव कुठलं द्यायचं, हाही विचार करावा लागतो. पूर्वी आतल्या नेटवर्कला 'डॉट लोकल' जोडायची सर्रास पद्धत होती. २०१३ पासून ते नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. प्रिंटर, फोन, ॲपलची उपकरणं त्या नावाची चौकशी सर्व्हरकडे न करता शेजारपाजारच्या उपकरणांना हाक मारून करतात. मग एका संगणकावर नाव सापडतं, दुसऱ्यावर सापडत नाही. म्हणून महाविद्यालयाच्या स्वतःच्या डोमेनखालीच एक पोटविभाग करायचा ठरवला.

आणि तिथे सर्वांत गंभीर गोष्ट पुढे आली. महाविद्यालयाचं डोमेन 'एसी डॉट इन'खालचं. भारतात ही नावं 'अर्नेट इंडिया'कडून मिळतात आणि त्यासाठी संस्थेची कागदपत्रं द्यावी लागतात. कागदपत्रं महाविद्यालयाचीच होती, पण संपर्कासाठी दिलेला ईमेल आणि फोन पूर्वी वेबसाइट बनवून दिलेल्या एका माणसाचा होता. तो केव्हाच दुसऱ्या शहरात गेला होता. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या ईमेलवर जात होत्या. डोमेनची मुदत संपली असती तर वेबसाइट गेली असती, महाविद्यालयाच्या नावाचे सगळे ईमेल बंद पडले असते आणि प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांना कुणाकडे विचारावं हे कळलं नसतं. प्राचार्यांनी लेटरहेडवर पत्र दिलं, पाठपुरावा केला आणि संपर्काचा ईमेल पदाच्या नावाने नोंदवून घेतला. माणूस बदलला तरी ईमेल पदावरच्या माणसाकडे जाईल अशी सोय केली. एका महाविद्यालयाची जागा कुणा खासगी माणसाच्या नावावर असलेली आपण खपवून घेणार नाही. डोमेनबद्दलही तितकीच काळजी हवी.

मग ग्रंथालयाला नाव मिळालं. फळ्यावरचा क्रमांक पुसून मॅडमनी नाव लिहिलं. ते सोपं असल्यामुळे पोरांनी ते लिहूनही घेतलं नाही, लक्षातच ठेवलं. यात एक तांत्रिक बारकावा होता. अनबाउंडमध्ये एक संरक्षण असतं: बाहेरून आलेल्या उत्तरात आतल्या नेटवर्कचा खासगी क्रमांक असेल तर ते उत्तर टाकून द्यायचं. कुणी बाहेरचा आपल्या डोमेनचा क्रमांक आतल्या प्रिंटरकडे किंवा राउटरकडे वळवून ब्राउझरकरवी आत शिरू पाहतो, तेव्हा हे संरक्षण कामाला येतं. ते बंद करून टाकणं हा सोपा उपाय अनेक जण सुचवतात. मी ते चालूच ठेवलं आणि फक्त आपल्या पोटविभागापुरती सूट दिली. जेवढी लागेल तेवढीच सूट द्यायची, ही सवय पुढे ऑथेंटिकेशनमध्येही उपयोगी पडते.

घड्याळाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. पण ओळख पटवण्याच्या अनेक पद्धती वेळेच्या आधारावर चालतात. कर्बेरॉस या लॉगिनच्या पद्धतीत दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं. मोबाइलवरचा सहा अंकी कोड दर तीस सेकंदांनी बदलतो, तोही वेळेवरूनच काढलेला. डीएनएसच्या उत्तरावर डीएनएससेकची सही असेल, तर त्या सहीलाही मुदत असते. यातून एक विचित्र अडचण उभी राहते. वीज बराच वेळ गेली, पेटीतला नाण्याएवढा सेल संपलेला असला, की यंत्र जुनी तारीख घेऊन उठतं. तारीख चुकीची, म्हणून डीएनएसच्या सह्या पटत नाहीत. सह्या पटत नाहीत, म्हणून वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नाव सापडत नाही. नाव सापडत नाही, म्हणून तारीख सुधारत नाही. यासाठी वेळेचा निदान एक सर्व्हर नावाऐवजी क्रमांकाने लिहून ठेवते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं आहे. नोंद कितीही बारकाईने ठेवली, पण तिची वेळच चुकीची असेल, तर ती नोंद कुणाच्या बाजूने साक्ष देऊ शकत नाही.

एवढा पाया झाल्यावर माणसांकडे वळले. सगळ्यांच्या नोंदी एका ठिकाणी ठेवायला सांबा या सॉफ्टवेअरची डिरेक्टरी उभी केली. यंत्र तिच्याशी एलडॅपने बोलतं आणि वायफायसाठी मधे रेडियस सर्व्हर असतो. एलडॅपची सुरुवात १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात झाली. रेडियस १९९१ मध्ये लिव्हिंग्स्टन कंपनीने डायल-अप जोडण्यांसाठी बनवलं. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या माणसाला ओळखायला केलेली ही पद्धत आज वायफायवरून येणाऱ्याला ओळखते. सॉफ्टवेअर जोडून यंत्रातल्या चाचणीच्या पानावर एका नावाची ओळख पटली की तांत्रिक भाग बराचसा संपतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

कारण विचारायचं असतं: या संस्थेत नेमके कोण कोण आहेत? विद्यार्थ्यांची यादी प्रवेश विभागाकडे. तिच्यात एकच मुलगा तीन ठिकाणी तीन स्पेलिंगने. आधी आडनाव की आधी नाव, याचाही मेळ नाही. म्हणून लॉगिनसाठी विद्यापीठाने दिलेला पीआरएन हा क्रमांक धरला. तो प्रत्येकाला एकच मिळतो आणि पदवीपर्यंत बदलत नाही. कायम शिक्षकांची यादी आस्थापना विभागात व्यवस्थित होती. कठीण होती ती तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीवरच्या, प्राध्यापकांची. त्यांची नेमणूक ठरावीक मुदतीची. ती संपते, पुन्हा होते, मधे खंड पडतो. त्यांच्यातले काही जण दोन-दोन महाविद्यालयांत शिकवतात. त्यांचं खातं केव्हा सुरू करायचं आणि केव्हा थांबवायचं? यंत्राला ते कळणार नाही. ते कार्यालयाने सांगायला हवं.

कार्यालय अधीक्षकांशी बसून एक साधी व्यवस्था ठरवली. नेमणुकीच्या आदेशाची एक प्रत आणि कार्यमुक्तीच्या आदेशाची एक प्रत संगणक विभागाकडे जाईल. आदेशात जी मुदत असेल तीच खात्याची मुदत. सेवानिवृत्त होणाऱ्यांना ग्रंथालयापुरता प्रवेश सुरू राहील, असं प्राचार्यांनी स्वतःहून सुचवलं. तीस-तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दार बंद दिसू नये, ही त्यांची भावना मला फार मोलाची वाटली, आणि गट करताना तिला जागा दिली. शिक्षक, कार्यालय, परीक्षा, विद्यार्थी, वसतिगृह, निवृत्त असे गट झाले. कुणाला काय उघडता येईल हे माणसागणिक न ठरवता गटागणिक ठरवलं.

पासवर्डबाबत स्टाफरूममध्ये विरोध होता. "मॅडम, एकच ठेवा, लक्षात राहतो," असं ज्येष्ठ प्राध्यापक म्हणत. त्यांचं म्हणणं मी हलकं मानलं नाही. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावला की माणसं तो चिकटवून ठेवतात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेही २०१७च्या मार्गदर्शिकेत अशी सक्ती करू नये असं म्हटलं आहे. म्हणून बदलायची सक्ती नाही, पण लांबी हवी. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द सलग टाइप करायला सांगितले. ते लक्षात राहतात आणि बाहेरच्याला सुचत नाहीत. हिशेब आणि परीक्षा या दोन विभागांना मात्र त्यावर मोबाइलचा सहा अंकी कोडही लावला.

वायफायवर दोन वाटा ठेवल्या. पाहुण्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ब्राउझरमध्ये उघडणारं लॉगिनचं पान. शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी रेडियसवर चालणारं एंटरप्राइज वायफाय, ज्यात प्रत्येक जण आपल्या नावाने जोडला जातो. पूर्वी फोनच्या मॅक क्रमांकावरून ओळख ठेवत असत. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळाच क्रमांक दाखवतो. माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून केलेला हा बदल योग्यच आहे. त्यामुळे उपकरणाला ओळखण्याचा जुना मार्ग बंद झाला आणि माणसालाच विचारावं लागलं.

इथे यंत्रालाही आपली ओळख द्यावी लागते, आणि तेच बरोबर आहे. कुणीही 'कॉलेज' नावाचं वायफाय फाटकाबाहेर उभं करून मुलांचे पासवर्ड गोळा करू शकतो. म्हणून फोन आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो; अँड्रॉइड ११ पासून ही तपासणी टाळायचा पर्यायच काढून टाकला गेला. लॉगिनच्या पानासाठी लेट्स एनक्रिप्ट या सेवेचं प्रमाणपत्र घेतलं. ते मिळवायला डोमेन आपलं आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि आतल्या सर्व्हरसाठी ते सिद्ध करायचा मार्ग म्हणजे डीएनएसमध्ये एक ठरावीक नोंद टाकून दाखवणं. डोमेनचा ताबा परत मिळालेला नसता तर ही नोंद टाकताच आली नसती. प्राचार्यांचं ते पत्र इथे कामाला आलं.

आता गुंत्याची खरी जागा. यंत्राच्या व्यवस्थापनात शिरायला डिरेक्टरीतलं लॉगिन लागतं. डिरेक्टरीचा सर्व्हर नावाने शोधला जातो. ते नाव यंत्रच सांगतं. म्हणजे यंत्रातलं डीएनएस बंद पडलं, तर ते दुरुस्त करायला आत जायचीच सोय उरत नाही. यासाठी यंत्रावरच एक स्थानिक खातं ठेवलं, जे कुणालाही न विचारता उघडतं. त्याचा पासवर्ड लिफाफ्यात बंद करून, लाख लावून, प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवला. लिफाफा केव्हा उघडला आणि का, हे लिहायला त्याच्याबरोबर एक वही ठेवली. मग एका रविवारी मुद्दाम डिरेक्टरीचा सर्व्हर बंद केला आणि प्रयोगशाळा सहायकाला सांगितलं, आता तुम्ही आत शिरून दाखवा. त्यांना जमलं. ते जमेपर्यंत माझ्या मते काम पूर्ण झालं नव्हतं.

परीक्षा विभागासाठी अधिक काळजी घेतली. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका पेपरच्या थोडा वेळ आधी ऑनलाइन येते, ती उतरवून छापायची असते. बाहेर शेकडो मुलं थांबलेली असताना लॉगिनचं पान उघडत नाही, हे चालणार नाही. त्या विभागाचा संगणक वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र भागात, ठेवला. त्याला वायफायच्या लॉगिनशी संबंध नाही, नावं सांगायला दुसरा डीएनएसही नेमून दिलेला, आणि दुसऱ्या जोडणीवर जायची सोय आपोआप. त्या खोलीत कोण आहे याची ओळख दारावरचा माणूस पटवतो, आणि तिथे तीच पुरेशी आहे.

डीएनएस आणि ऑथेंटिकेशन या दोन यंत्रणा एकत्र आल्या की हातात येणाऱ्या सत्तेविषयी लिहिणं मला फार गरजेचं वाटतं. डीएनएसला प्रत्येक नाव विचारलं जातं आणि ऑथेंटिकेशनला विचारणारा माहीत असतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर कुठल्या मुलीने रात्री कुठल्या आजाराची माहिती शोधली, कुणी नोकरीसाठी अर्ज केले, कोण समुपदेशनाच्या साइटवर गेलं, हे सगळं वाचता येतं. यंत्र लागल्यावर थोड्याच दिवसांत, वसतिगृहातल्या मुली फोनवर काय पाहतात त्याची नावानिशी यादी काढता येईल का, अशी विचारणा झालीच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नव्हता, काळजीच होती. तरी मी नाही म्हटलं, आणि प्राचार्यांनी मला पूर्ण पाठिंबा दिला.

त्यानंतर नियम लेखी झाला. कोण केव्हा जोडलं गेलं याची नोंद १८० दिवस ठेवायची, सर्ट-इनच्या निर्देशांत हीच मुदत आहे. नावांच्या चौकशीची नोंद माणसाशी जोडून साठवायची नाही. बिघाड शोधताना तेवढ्यापुरती चालू करायची आणि मग पुसायची. पोलीस किंवा न्यायालयाकडून लेखी मागणी आली तर उत्तर प्राचार्य देतील, तंत्रज्ञ परस्पर देणार नाही. फसवणुकीच्या आणि व्हायरस पसरवणाऱ्या डोमेनची यादी अनबाउंडमध्ये लावली आहे. तिचा हेतू संरक्षणाचा आहे आणि ती सगळ्यांना सारखीच लागू आहे. आता तर डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदाही आहे. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. शिकायला आलेल्या मुलीला आपले प्रश्न विचारायची मोकळीक नसेल, तर तिला नेट देऊन काय साधलं?

दरवर्षी जूनमध्ये मी तिथे जाते. नवे प्रवेश येतात, पास झालेले जातात, सीएचबीच्या नेमणुका होतात. आदेशांच्या प्रती आलेल्या असतात का, खाती त्याप्रमाणे आहेत का, डोमेनची मुदत केव्हा संपते, लिफाफ्यासोबतच्या वहीत काय लिहिलंय, हे पाहते. यंत्राचे अपडेट त्या मानाने थोड्या वेळाचं काम. शिष्यवृत्तीच्या याद्यांत आता बदल झाला की कुणी, केव्हा केला ते दिसतं, आणि त्यावर कुणाला आवाज चढवावा लागत नाही.

म्हणून कुणी नवं नेटवर्क बसवायला बोलावलं की मी पेटीचं मॉडेल आणि किंमत या गोष्टी मागाहून बोलते. आधी तीन गोष्टी मागते. माणसांची यादी, आणि ती रोजच्या रोज खरी ठेवायची जबाबदारी कुणाची, त्याचं नाव. उपकरणांची यादी, प्रत्येकामागे एक धनी असलेली. आणि डोमेन संस्थेच्याच ताब्यात आहे याचा कागद. या तिन्ही गोष्टी ज्या संस्थेत तयार असतात, तिथलं पुढचं काम कुणीही होतकरू तंत्रज्ञ नीट करू शकतो. ज्या संस्थेत त्या नसतात, तिथे सगळ्यांत महागडी पेटीसुद्धा कोण आलं आणि त्याला कुठे जायचं होतं, हे सांगू शकणार नाही.